पेराएवढा माणूस, टेबलावरची रेल्वे
तिसगावात रेल्वे नाही. गाडी बघायची तर करंजी घाट ओलांडून सुमारे 40 किलोमीटरवरचं नगर स्टेशन गाठायचं. दौंड–मनमाड मार्गावरच्या या स्टेशनात 1878 पासून गाड्या येतायत. पण टेबलावर रेल्वे उभी करायची म्हटलं, तर लागणारं निम्मं सामान तिसगावच्या शिवारात फुकट पडलंय!

आधी मापं. जगात सगळ्यात जास्त चालतं ते एचओ, म्हणजे 1:87. या मापात साडेपाच फुटी माणूस होतो 2 सेंटिमीटरचा, बोटाच्या पेराएवढा. प्रवासी गाडीचा एलएचबी डबा सुमारे 27 सेंटिमीटरचा. 22 डब्यांची एक्स्प्रेस मात्र 6 मीटरची, ती दिवाणखान्यात मावायची नाही. ताशी 100 किलोमीटरचा वेग इथे सेकंदाला 32 सेंटिमीटर. आणि नगर–तिसगाव अंतर? तब्बल 460 मीटर! म्हणून मॉडेलवाले गाड्या मापात ठेवतात आणि अंतरं बिनदिक्कत आखडतात.

एक गोची खास आपली. भारतीय ब्रॉडगेज 1,676 मिलिमीटर रुंद. 87 नं भागलं की 19 च्या थोडं वर येतं. बाजारातले एचओ रूळ मात्र परदेशी 1,435 च्या गेजवरून बेतलेले, 16.5 मिलिमीटरचे. त्यामुळे टेबलावरची आपली गाडी बहुधा जरा अरुंद रुळांवरच पळते.

आता शिवारातला माल. खऱ्या खडीचा मोठा दगड 65 मिलिमीटरचा, तो इथे पाऊण मिलिमीटर. म्हणजे चाळलेली वाळू! ती रुळांमध्ये ब्रशनं पसरायची आणि वरून पाण्यात पातळ केलेला फेविकॉल ड्रॉपरनं सोडायचा. त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब हवाच, नाहीतर फेविकॉल आत मुरत नाही, वाळूवर गोळा होऊन बसतो.

जमिनीसाठी काळी माती आणि मुरूम वस्त्रगाळ करून घ्यायचा. पण थांबा, आधी चुंबक! आपला खडक बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं. कागदात गुंडाळलेला चुंबक मातीतून फिरवला की त्याला काळ्या कणांची दाढी फुटते. हेच कण इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक ओढून घेतं आणि मोटर अडकते. ज्वारीच्या वाळल्या ताटाचं भेंड तर हलकं आणि ब्लेडनं सहज कापलं जाणारं. त्याच्या बैलगाड्या करत पोरांच्या पिढ्या वाढल्या. दिवाळीत किल्ला करून त्यावर अळीव पेरणारं पोर अर्धं काम शिकलेलंच असतं.

खरी कला मात्र गाडी मळवण्यात आहे. चकचकीत डबा खेळणं दिसतो, मळलेला डबा खरा. या छंदात त्याला वेदरिंग म्हणतात. डब्याच्या खालच्या अंगाला, चाकांजवळ, ब्रेकच्या भुकटीचा तांबूस तपकिरी थर. डिझेल इंजिनाच्या छतावर धुराड्याभोवती काजळी. मालडब्यावर रिव्हेटपासून खाली ओघळलेला गंज. साधे खडू किसून त्यांची पूड मऊ ब्रशनं चोळा, वर मॅट वार्निशचा हलका फवारा मारा. हात आखडता ठेवा. मळ वाढवता येतो, काढणं अवघड.

या कलेचा एक आद्य गुरू कॅलिफोर्नियाचा जॉन ॲलन. त्याच्या रेल्वेत शंटिंगला चक्क एक स्टेगोसॉरस डायनोसॉर होता, नाव एमा! ॲलन जानेवारी 1973 मध्ये गेला आणि थोड्याच दिवसांत लागलेल्या आगीत त्याची ती अप्रतिम रेल्वे नष्ट झाली. गायक रॉड स्टुअर्टनं वीसहून जास्त वर्षं खपून उभारलेलं छोट्या रेल्वेचं अमेरिकी शहर 2019 मध्ये जगापुढे आणलं. हॅम्बुर्गचं मिनिआटूर वुंडरलांड हे छोट्या रेल्वेचं प्रदर्शन 2001 मध्ये उघडलं.

आपलं पुणं त्याआधीच! कोथरूडमधलं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1 एप्रिल 1998 ला सुरू झालं. भाऊ जोशी यांच्या ध्यासातून उभं राहिलेलं हे चिमुकलं गाव. त्यात वाफेच्या इंजिनापासून बुलेट ट्रेनपर्यंत सगळं धावतं, सर्कस आहे, पोहण्याचा तलाव आहे, दिवे मालवून रात्रही करतात.

पुण्याला गेलात तर मुलांना तिथे जरूर न्या. आणि पहिला डबा मळवायला घेण्याआधी नगर स्टेशनात उभी मालगाडी चाकापासून छतापर्यंत नीट न्याहाळा.