डुकराच्या मांसाची प्रत : वंश आणि अखेरचा दिवस

मुंबईत ठाकूरद्वारापासून थोड्याच अंतरावर खोताची वाडी आहे. तेथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांत नाताळ किंवा लग्नकार्य आले की सोरपोतेल आणि विंदालू रांधतात. अशा घरी पारखून मांस घेणारी गृहिणी गुलाबी, घट्ट मांस निवडते. फिकट, लिबलिबीत आणि पाणी सुटलेले मांस तिला नको असते. हे पाणी विक्रेत्याने घातले असेल अशी शंका येते. परंतु पुष्कळदा ते मांसातूनच सुटलेले असते. त्याचे मूळ डुक्कर पाळणाऱ्याच्या वाड्यात व वाहतुकीच्या गाडीत शोधावे लागते.

जिवंत स्नायूत ग्लायकोजेन नावाचे पिष्टमय द्रव्य साठविलेले असते. कत्तलीनंतर स्नायूला प्राणवायू मिळेनासा होतो व या साठ्यापासून लॅक्टिक आम्ल बनते. स्नायूचा सामू सुमारे ७ असतो. तो एका दिवसात सावकाश ५.५ ते ५.७ पर्यंत उतरला म्हणजे मांस चांगले होते. जनावर भेदरलेले, धापा टाकीत असताना कापल्यास हीच क्रिया झपाट्याने घडते. पाऊण तासातच सामू ६ च्या खाली जातो आणि अंग तर अद्याप गरम असते. आम्ल व उष्णता यांच्या संयोगाने प्रथिने बिघडतात, त्यांना पाणी धरवत नाही. याउलट, दीर्घ प्रवासाने व मारामारीने थकलेल्या डुकराचा ग्लायकोजेनचा साठा आधीच संपलेला असतो. त्याचे मांस काळपट व कोरडे दिसते आणि लवकर नासते.

काही डुकरांत हा दोष उपजत असतो. स्नायूतील कॅल्शियमचे नियंत्रण करणाऱ्या एका जनुकातील बदल त्यास कारण होतो, असे १९९१ साली कॅनडातील शास्त्रज्ञांनी दाखविले. बेल्जियमच्या पिएत्रँ या मांसल जातीत तो पुष्कळ आढळे. लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीत क्वचित. दोष पूर्णपणे प्रकट होण्यास तो नर व मादी या दोहोंकडून यावा लागतो. म्हणून निरोगी दिसणारे आईबापही त्याचे वाहक असू शकतात. हँपशायर जातीत आणखी एक जनुक आहे. त्यामुळे स्नायूत ग्लायकोजेन फाजील साठते आणि मांस अधिक आम्ल होते.

थोड्याशा धावपळीने थरथर कापून, ताठ होऊन डुक्कर मेले तर ग्रामसेवकाने त्याची नोंद ठेवून पशुवैद्यकास कळवावे. अर्थात एका मृत्यूवरून वंशास दोष देणे बरे नव्हे. डुकरास घाम जवळजवळ येत नाही, त्यामुळे नुसत्या उन्हानेही ते दगावते. मात्र एकाच जोडीच्या पिलांत असे वारंवार घडल्यास जनुकचाचणी होईपर्यंत ती जोडी पैदाशीस वापरू नये.

वंश सुधारण्यास पिढ्या लागतात. अखेरचा दिवस मात्र शेतकरी बंधूंच्या हाती आहे. डुकरे पहाटेच्या गारव्यात गाडीत चढवावी. निरनिराळ्या वाड्यांतील डुकरे एकत्र कोंडू नयेत, ती हमखास लढतात. कत्तलखान्यात पोहोचल्यावर त्यांना पाणी द्यावे, अंगावर शिंपडावे आणि दोन-तीन तास स्वस्थ पडू द्यावे. त्यांना हाकताना काठी मुळीच वापरू नये. मागे एक रुंद फळी धरून सावकाश चाललात, तर ती आपोआप पुढे सरकतात.