लालापिंडांतील केराटिन

केराटिन म्हटलें कीं केस व नखें डोळ्यांपुढें येतात. परंतु ह्याच प्रथिनकुळांतील तंतू आपल्या लाळेच्या सूक्ष्म नलिकांनाही आधार देतात, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. आमच्या अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवाचें ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय असल्यामुळें शरीरशास्त्राच्या गोष्टी येथील ओसरीवरही निघतात. त्यांतील ही एक गोष्ट घरोघरीं समजावी, असें आम्हांस वाटतें.

लालापिंडांच्या मोठ्या जोड्या तीन: कानापुढील, जबड्याखालील व जिभेखालील. निरोगी मनुष्यास दिवसाकाठीं सुमारें अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. आयुर्वेदानें जिभेच्या ठिकाणीं बोधक कफ मानून रसज्ञान त्याजकडे सोंपविलें, तें ह्या ओलाव्याचें महत्त्व जाणूनच. पिंडांत प्रथम तयार होणारी लाळ रक्तद्रवासारखी खारट असते. ती नलिकांतून वाहतांना तेथील पेशी तींतील सोडियम व क्लोराइड पुष्कळसें परत शोषून घेतात. म्हणूनच वरणांत मीठ जरा कमी पडलें तरी तें जिभेस तत्काळ कळतें.

ह्या पेशींना बळकटी कशानें येते? मातीच्या गिलाव्यांत भूस कालविल्यानें भिंत तडकत नाहीं, तसें केराटिनाचें तंतुजाल पेशीस ताण सोसण्याचें बळ देतें. मनुष्यांत केराटिनाचीं ५४ जनुकें आहेत व प्रकार क्रमांकांनीं ओळखले जातात. नलिकेच्या पोकळीकडील पेशींत ७, ८, १८ व १९, तर तळच्या पेशींत ५ व १४ हे प्रकार असतात. ते जोडीनेंच नांदतात. जोडीदार नसला तर एकटें केराटिन टिकत नाहीं. लालापिंडांतील गाठ कोणत्या पेशींची, हें ठरवितांना परीक्षक वैद्यांस ह्या क्रमांकांचें साह्य होतें.

गालाच्या आंतील थरयुक्त अस्तरांत मात्र ८ व १८ सहसा आढळत नाहींत. तेथें कर्करोग झाला म्हणजे ते पुष्कळदां दिसूं लागतात. नवी मुंबईंत खारघर येथें टाटा स्मारक केंद्राची संशोधनसंस्था आहे. तेथील संशोधकांनीं तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींतून हीं केराटिनें घटविलीं, तेव्हां त्या पेशींची रोग वाढविण्याची शक्ति उणावली, असें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. जें नलिकेंत आधार, तेंच अस्थानीं रोगाचें सहायक! केस, नखें व माणसें आपापल्या स्थानींच शोभतात, हें पाठशाळेंत शिकलेलें वचन येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

तंबाखूची चंची घरांत फिरते, तेथें ही केवळ विद्वच्चर्चा नव्हे. वडीलधाऱ्यांनीं नातवंडांकरवीं तंबाखू मागवूं नये, आणि जमल्यास स्वतःही सोडावी. तोंडांतील पांढरा चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारा व्रण किंवा कानापुढील न दुखणारी गाठ दिसल्यास संकोच न करितां वैद्यांस दाखवावी. दुखत नाहीं म्हणून थांबणें, हाच ह्या रोगांत मोठा घात होय.