वस्तीवरचा पियानो

या सदरातून आपण आजवर एकरी शंभर टनाचे मानकरी पाहिले, ठिबकवाले पाहिले, खोडव्याचे चार-चार पीक घेणारेही पाहिले. यावेळी उसाविषयी फारसे सांगणार नाही. पण गोष्टीची सुरुवात मात्र उसातच होते, त्याला माझा इलाज नाही.

डिसेंबरच्या मध्यावर एका सभासदांच्या वस्तीवर जाणे झाले. निवृत्त होऊन मला सहा वर्षे झाली, पण सारा जन्म शेतकी खात्यात गेल्याने कुणाची तोड आली, कुणाची राहिली याची चौकशी केल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. मालक फडात होते. आजीने सोप्यात बसायला सांगितले. तिथे सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी टेबलापाशी पाठमोरी बसलेली. दोन्ही हातांची बोटे भराभरा चाललेली आणि आवाज म्हणाल तर अजिबात नाही! भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

मी विचारले, "काय गं बाळ, टायपिंगची परीक्षा वाटतं?"

"नाही काका, पियानो."

जवळ जाऊन पाहिले. कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स उलटा करून फळीवर ठोकला होता, आणि त्याच्या पांढऱ्या पाठीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आखल्या होत्या. पट्टी धरून, मापात. खऱ्या पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. एक पांढरी पट्टी साडेतेवीस मिलिमीटर. बावन्नांचा गुणाकार करून तिने रुंदी काढली होती, ती भरली जेमतेम चार फूट. फळी चार फुटांचीच होती म्हणून बरे.

या मुलीचे नाव मी इथे देत नाही. "बारावीचा निकाल लागंपर्यंत पोरीचं नाव छापू नगा, दृष्ट लागती," असे तिच्या आईने बजावले आहे. आपणही आग्रह करू नये.

हे वेड लागले कसे, ते ऐका. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा ती सातवीत होती. घरात फोन एकच, त्यावर अर्धा दिवस भावाचा वर्ग आणि अर्धा दिवस हिचा. एकदा वर्ग संपल्यावर फोनवर कुणीतरी पियानो वाजवताना दिसले, एवढेच निमित्त. त्याच सुमारास शेजारच्या गावातल्या एका बँडवाल्याने धंदा मोडून सामान विकायला काढले. त्यात एक जुना कॅसिओ होता, ६१ पट्ट्यांचा, दोन बटणे तुटलेली. वडिलांनी तो घेतला तो "चार दिवसांचं खेळणं" म्हणून. पोरगी चार दिवसांत कंटाळली नाही, इथेच सगळा घोटाळा झाला!

शिकवायला कोणी नाही. गावात भजनी मंडळाची पेटी आहे आणि पेटीवाले बुवाही आहेत. पण पेटीत डावा हात भात्यावर असतो आणि सूर एकट्या उजव्या हाताने निघतात. पियानोला दोन्ही हात सुटे, आणि दोघांचे काम वेगवेगळे. स्वरलिपीही ओळींच्या दोन जुड्यांवर, वरची बहुधा उजव्या हाताची, खालची डाव्याची. ती लिपी वाचायला ही मुलगी आपली आपण शिकली. जुन्या युरोपीय संगीतकारांच्या वह्या आता फुकट उतरवून घेता येतात. त्यातून तिने पहिला तुकडा उचलला तो पेट्झोल्ड नावाच्या जर्मन वादकाचा. बाखने आपल्या पत्नीसाठी केलेल्या वहीत तो सापडतो, म्हणून पुष्कळ वर्षे तो बाखच्याच नावावर चालला. आपल्या भाषेत सांगायचे तर सा पांढरी पाचचा आणि निषादाच्या जागी काळी तीन. हे भाषांतर बुवांनी करून दिले. तेवढे ऋण ती मानते.

शिकण्याची रीत तिची स्वतःची आहे. एका दिवसात दोनच ओळींचा तुकडा. आधी उजवा हात, मग डावा, मग दोन्ही, आणि तेही घड्याळाच्या टिकटिकीवर, म्हणजे मिनिटाला साठ मात्रा. चुकले की पुन्हा पहिल्यापासून नाही, तर चुकलेल्या जागेच्या एक मात्रा आधीपासून. हीच रीत ती गणिताला लावते. उदाहरण अडले की जिथे अडले तिथल्या एक पायरी आधी जायचे. आजी म्हणाल्या, "नव्या बैलजोडीला असंच वळवावं लागतंय. एकाएकाला धरून चालवायचं, मग जू ठेवायचं." मला ही उपमा फार पटली.

तरी कॅसिओ म्हणजे पियानो नव्हे. तिच्याजवळच्या जुन्या कॅसिओची पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. पियानोची तर सारी गंमतच तिथे आहे. इटलीत फ्लॉरेन्स शहरी १७०० च्या सुमारास क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने हे वाद्य बनवले. पट्टी दाबली की आत हातोडी उडते, तारेवर आपटते आणि लगेच मागे सरते. बोट जसे पडेल तसा हलका किंवा मोठा आवाज. इटालियन भाषेत हळू म्हणजे पियानो आणि मोठा म्हणजे फोर्टे. त्यावरून पियानोफोर्टे, आणि पुढे नुसते पियानो.

तालुक्याच्या गावी एका जुन्या चर्चच्या सभागृहात असे खरे वाद्य आहे हे तिला मैत्रिणीकडून कळले. अकरावीत असताना एका रविवारी आईला घेऊन ती तिथे गेली. किल्ली असते एका निवृत्त सिस्टरबाईंकडे. त्यांनी आधी नुसते विचारले, "हात धुतलेस का?" आणि मग झाकण उघडून दिले.

तो पहिला दिवस फजितीचा गेला. खऱ्या पट्टीला वजन असते. कॅसिओवर पळणारी बोटे इथे अर्धे सूर गाळू लागली. करंगळीचा तर आवाजच निघेना. तीन पट्ट्या मुक्या, तारा उतरलेल्या. ती रडवेली झाली. सिस्टरबाईंनी मात्र पियानोची पुढची फळी काढून तिला आत काय आहे ते दाखवले. नमद्याच्या हातोड्या, दोनशेहून अधिक तारा आणि त्यांना धरून ठेवणारी ओतीव लोखंडाची चौकट. या सगळ्या तारांचा मिळून ताण सुमारे अठरा टन असतो. सभासदांना अठरा टन म्हणजे काय ते सांगायला नको. दोन ट्रेलर जोडलेला, उसाने भरलेला ट्रॅक्टर काट्यावर उभा राहिला की साधारण तेवढेच वजन भरते. एवढा भार ते कपाट वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसत असते.

तेव्हापासून दर रविवारी प्रार्थनेनंतर तिला दीड तास मिळतो. आठवडाभर घरी फ्लेक्सवर आणि कॅसिओवर, रविवारी खऱ्यावर. कॅसिओच्या ६१ पट्ट्यांत न मावणारे सूर फ्लेक्सवर असतात. आवाज नसतो, पण हाताला जागा कळते.

आता अभ्यासाचे. बारावीच्या पदार्थविज्ञानात तरंगांचा धडा आहे, त्यात ताणलेल्या तारेची कंपने येतात. वर्गात बहुतेकांनी सूत्र पाठ केले. हिने रविवारी करून पाहिले. वरचा सा आवाज न होऊ देता अलगद दाबून धरायचा, म्हणजे त्या तारेवरचा नमदा उचलला जातो. मग खालचा सा एकदा ठोकून सोडून द्यायचा. खालची तार थांबते, आणि जिला हातही लावला नाही ती वरची तार गुणगुणत राहते. याला अनुनाद म्हणतात. मी स्वतः कृषी पदवीधर, हे वाक्य मीही एके काळी परीक्षेत लिहिले होते. ऐकले मात्र या वयात.

आणखी एक गोष्ट तिने वडिलांना समजावली ती मला फार आवडली. एका पट्टीवरून शेजारच्या पट्टीवर गेलो, काळी धरून, की कंपनसंख्या सुमारे ५.९५ टक्क्यांनी वाढते. पुढच्या पट्टीला त्या वाढलेल्या रकमेवर पुन्हा तेवढेच. म्हणजे सरळ चक्रवाढ व्याज! असे बारा हप्ते झाले की मुद्दल बरोबर दुप्पट, ४४० चे ८८०. तोच वरच्या सप्तकातला सूर. सोसायटीच्या कर्जात मुरलेल्या बापाला हे एका झटक्यात समजले. "म्हंजे वरचा सा म्हंजे थकबाकीच की गं," असे ते म्हणाले. पण या समान हप्त्यांमुळे मधले सूर नैसर्गिक जागेवरून किंचित सरकतात. पंचम अगदी थोडा, गांधार बराच. पेटीवर आपल्या गवयांचा राग होता त्याचे हेही एक कारण. आकाशवाणीने १९४० साली पेटी बंद केली होती, ती बंदी १९७१ च्या सुमारास सैल झाली.

एवढे ऐकून कुणाला वाटेल की सगळे छान चालले आहे. तसे नाही. नोव्हेंबरात दोन गोष्टी एकदम झाल्या. रसायनशास्त्राच्या चाचणीत पंचवीसपैकी अकरा गुण आले, आणि उजवे मनगट दुखू लागले. मनगटाचे कारण सिस्टरबाईंनी पाहताक्षणी सांगितले. खुर्ची बुटकी, त्यामुळे मनगट खाली लोंबते आणि खांदे वर चढतात. पाच वर्षे कुणी पाहिलेच नव्हते! आपले आपण शिकण्यात ही खोट असतेच. चूकही आपल्याइतक्याच चिकाटीने पाठ होते. रशियाचा रिख्तर हा गेल्या शतकातला फार मोठा पियानोवादक. बाप स्वतः वादक असून पोरगा बहुतांशी स्वतःच शिकला. पण १९३७ साली, बाविसाव्या वर्षी, तोही मॉस्कोला नॉयहाउस यांच्यापुढे जाऊन बसलाच. आपल्या कोल्हापूरकडचे गोविंदराव टेंबे पेटी बरीचशी स्वतःच शिकले, तरी भास्करबुवा बखल्यांना गुरू मानत राहिले. खुर्चीवर दोन उशा ठेवल्या, पंधरा दिवस हात बंद ठेवला, दुखणे गेले.

रसायनशास्त्र मात्र उशांनी सुधारणारे नव्हते. वडिलांनी कॅसिओ उचलून पोत्यात घातला आणि माळ्यावर ठेवला. बोलले काही नाहीत. दोन दिवस घरात कुणीच बोलले नाही. माझे मत विचाराल तर माणूस चुकला नव्हता. बारावी एकदाच येते, आणि दोन एकरांवर तीन माणसे पुढे जगायची नाहीत हे त्यांना पुस्तकाशिवाय माहीत आहे. पण मुलीचेही चुकले नव्हते. तिने वही आणून पुढे ठेवली. डाव्या पानावर अभ्यासाचे तास, उजव्यावर वाजवण्याचे. रोजचे वाजवणे चाळीस मिनिटे, त्यावर एकही दिवस नाही. रसायनाच्या नावापुढे मात्र पानेच्या पाने कोरी. तिचे म्हणणे एवढेच, "दादा, पियानोनं वेळ खाल्ला नाही. मला तो विषय आवडत नाही म्हणून मी तो टाळला. हे माझं चुकलं."

वडिलांनी त्या वहीवर ऊसनोंदीच्या वहीवर फिरवावे तसे बोट फिरवले. म्हणाले, "नोंद खरी हाय."

मी गेलो तो दिवस नेमका उसाची उचल खात्यावर जमा झाल्याचा होता. वजनदार पट्ट्यांचा ८८ सुरांचा विजेवरचा पियानो चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जातो. शहरातल्या सगळ्या विषयांच्या क्लासची फीही तेवढीच. आई म्हणत होती क्लास लावू. वडील, आश्चर्य वाटेल, पियानोकडे झुकले होते. माळ्यावरचे पोते त्यांच्या मनाला लागले असावे. निवाडा केला तो मुलीनेच. क्लास एकाच विषयाचा, रसायनाचा. गणित आणि पदार्थविज्ञान ती स्वतः बघेल. उरलेले पैसे सोसायटीत ठेव म्हणून, परीक्षा होईपर्यंत. आणि त्यातले थोडे चर्चचा पियानो सुरात लावायला, कारण सूर लावणारा माणूस लांबून बोलवावा लागतो आणि भाडेखर्च सिस्टरबाई एकट्या कुठवर सोसणार. "पैसे नकोत," असे सिस्टरबाई म्हणाल्या. तेव्हा आजीने सभासदांच्या साखरेतली दहा किलो पाठवून दिली. ती मात्र ठेवून घेतली.

जानेवारीअखेर मी पुन्हा त्या वाटेने गेलो. फड तुटला होता, पाचटाची कुट्टी करून खोडव्याला पाणी सोडले होते. काम उत्तम आहे, शेजाऱ्यांनी पाहून घ्यावे. सोप्यात फ्लेक्स होता तिथेच होता, पण प्रत्येक पट्टीवर पेन्सिलीने बारीक अक्षरे लिहिलेली. पाहतो तर मूलद्रव्ये! पहिल्या पट्टीवर हायड्रोजन, चाळिसाव्या मधल्या सा वर झिर्कोनियम, शेवटच्या अठ्ठ्याऐंशीव्यावर रेडियम. पट्टीचा क्रमांक तोच अणुक्रमांक. स्कँडियमपासून झिंकपर्यंतची बारावीला येणारी दहा मूलद्रव्ये ओळीने डाव्या हाताच्या टापूत आली होती.

आजी समोर पुस्तक उलटे धरून परीक्षा घेत होत्या. अक्षर वाचता येत नाही, पण नातीच्या तोंडाकडे बघून बरोबर-चूक त्यांना कळते.

"तांबं कुठं हाय?" आजींनी विचारले.

मुलीने डोळे मिटले आणि डाव्या हाताचे बोट अचूक एकोणतिसाव्या पट्टीवर ठेवले. "काळी एक."

"आन लोखंड?"

"काळी पाच, तिच्या अलीकडची."