दोन आयांचा मोती

ज्या शिंपल्याचा रंग काळ्या मोत्याला मिळतो, तो शिंपला मोती हाती येण्याच्या दीड-दोन वर्षं आधीच मेलेला असतो. मोत्याला पोटात वाढवतो तो दुसराच. ‘ताहितीचा काळा मोती’ म्हणून सराफाच्या पेटीत दिसणाऱ्या या मोत्याला अशा दोन आया असतात. आई म्हणणंही तसं धाडसाचंच, कारण हे शिंपले आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतात आणि पुढे त्यांतले काही मादी होतात.

नावात तर दोन्ही शब्द फसवे. ताहिती ही या मोत्यांची पेठ. ते पिकतात ते तिथून शेकडो मैल दूर, फ्रेंच पॉलिनेशियातल्या तुआमोतू आणि गांबिये द्वीपसमूहांत, प्रवाळांच्या भिंतींनी वेढलेल्या शांत पाण्यात. आपल्याला याचं नवल वाटू नये. आजीच्या नथीतले ‘बसऱ्याचे मोती’ तरी बसऱ्याला कुठे निघत होते? ते बहरीनच्या आसपासच्या आखाती समुद्रतळावरून यायचे, मुंबईच्या बाजारात निवडले-विंधले जायचे आणि नाव मात्र बंदराचं लावायचे. दुसरा शब्द ‘काळा’. काजळासारखा काळा मोती क्वचितच सापडतो. बहुतेक राखी, हिरवट, वांग्याच्या सालीसारखे जांभळट असतात. सगळ्यांत भाव खातो तो मोरपंखी.

शिंपल्याचं शास्त्रीय नाव पिंक्टाडा मार्गारिटिफेरा. ताटलीएवढा वाढणारा हा जीव आधी गाजला तो मोत्यांसाठी नव्हे, बटणांसाठी. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या सदऱ्यांना शिंपल्याची चकचकीत बटणं लागत आणि त्यापायी पाणबुड्यांनी इथले तळ उपसून काढले. पुढे प्लास्टिकची बटणं आली नि तो धंदाही बसला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला झाँ-मारी दोमार या मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्याने जपानी कारागिराला बोलावून या शिंपल्यात मोती रुजवून पाहिला. तो रुजला. त्याच दशकात मानिही या कंकणाकृती प्रवाळबेटावर पहिली मोतीशेती उभी राहिली.

शेतीच म्हणायची ती. पाण्यात तरंगणाऱ्या शिंपल्यांच्या पिलांना बसायला दोऱ्या नि जाळ्या सोडायच्या, दोन-तीन वर्षं वाढवायचं आणि मग खरी कारागिरी. कवचाची आतली कड ज्याची सुंदर रंगाची, असा शिंपला दाता म्हणून निवडतात. कवच घडवणारी त्याची पातळ त्वचा, म्हणजे प्रावार, कापून तिचे काही मिलिमीटरचे चौकोनी तुकडे करतात. दात्याचं काम, आणि आयुष्य, इथे संपलं. मग दुसऱ्या शिंपल्याची फट बोटभर उघडायची, दंतवैद्याच्या हत्यारांसारख्या हत्यारांनी त्याच्या जननग्रंथीला छेद द्यायचा, आत एक गोल मणी सरकवायचा आणि त्याला अगदी चिकटून तो तुकडा ठेवायचा. हा मणी बहुधा अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातल्या गोड्या पाण्याच्या शिंपल्यापासून घडवलेला असतो. म्हणजे पॅसिफिकच्या मोत्याचा गाभा अमेरिकी नदीचा!

वाळूचा कण टोचला की शिंपला मोती करतो, हे आपण शाळेत ऐकलेलं. नुसता मणी ठेवून इथे काहीच होत नाही. लागतो तो प्रावाराचा तुकडा. त्यातल्या पेशी वाढत मण्याभोवती पिशवी विणतात आणि ही पिशवी मण्यावर थरावर थर चढवते. पोसणाऱ्या शिंपल्याने अन्नपाणी पुरवायचं. रंग ठरतो तो मुख्यतः दात्यावरून. ही काळ्या ओठाची जात (ओठ म्हणजे कवचाची कड) आणि रुपेरी ओठाची दुसरी जात यांच्यात तुकड्यांची अदलाबदल करून पाहिली, तेव्हाही मोत्याचा रंग दात्याच्या जातीवर गेला.

हा रंग दोन वाटांनी येतो. थरांमधली सेंद्रिय रंगद्रव्यं मोत्याला गडद अंग देतात. त्या अंगावर खेळणारी मोरपंखी झाक मात्र रंगद्रव्याची नव्हे. अ‍ॅरागोनाइट या खनिजाच्या, साधारण अर्ध्या मायक्रॉन जाडीच्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळताना काही रंग उठून दिसतात, काही विरतात. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात तेच हे. खाली गडद पार्श्वभूमी असल्याने ते इथे अधिक खुलतात.

तरी सुरुवातीला या काळ्या मोत्याला गिऱ्हाईक मिळेना. पांढऱ्या मोत्याला सरावलेल्या डोळ्यांना तो डागाळलेला वाटायचा, रंगवलेलाही. साल्वाडोर असाएल या व्यापाऱ्याने १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याच्या दुकानात हिरे-पाचूंशेजारी तो मांडला, भारी किंमत लावली आणि नजरच बदलली. मला हा भाग विज्ञानाइतकाच मोलाचा वाटतो. काळ्या मण्यांना मंगळसूत्रात ओवणाऱ्या आपल्यासारख्यांना काळ्या रंगाचं वावडं नव्हतं. पाश्चात्त्य दागिन्यांत ते किंमतीने मोडलं.

रंगवल्याचा संशय मात्र अगदीच निराधार नव्हता. जपानी अकोया मोती सिल्व्हर नायट्रेटने काळे करण्याची युक्ती बाजारात होतीच. प्रयोगशाळा मोत्यावरून परतणारा प्रकाश तपासतात: या शिंपल्याचा अस्सल रंग सातशे नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो. चांदी लपली असेल तर ती क्ष-किरणांत उघडी पडते.

काही मोत्यांवर भोवऱ्यासारखी वर्तुळं असतात. पिशवीत मोती स्वतःभोवती फिरतो. मण्यात चुंबक बसवून संशोधकांनी हे फिरणं बाहेरून मोजलंय. एकाच आसाभोवती फिरत राहिला की जिथे खोट आहे, तिथे ती कंगोऱ्यासारखी सगळीकडून फिरते. आस बदलत राहिला तर मोती गोल होतो.

मोती चांगला निघाला, तर शिंपल्याला लगेच सोडत नाहीत. त्याच पिशवीत पहिल्याहून मोठा मणी ठेवतात आणि शिंपला पुन्हा पाण्यात जातो. या वेळी प्रावाराचा तुकडा लागत नाही. दाता जाऊन काही वर्षं झालेली असतात. त्याची पिशवी अजून रंग चढवत असते.