कीर्तनाच्या व्हिडिओत ओठ एकीकडं, आवाज दुसरीकडं? हे करून बघा

मोबाईलवर तासभर कीर्तन शूट केलं. सुरुवातीला आवाज बरोबर, शेवटी बुवांचे ओठ अन् टाळ जुळेनात. दोष दरवेळी माईकचा नसतो. मोबाईल सेकंदाला कधी ३० फ्रेम घेतो, कधी कमी, मांडवात उजेड कमी असला तर आणखीच कमी. एडिटिंगची बरीच सॉफ्टवेअर मात्र ठरावीक ३० धरून चालतात, म्हणून फरक वाढत जातो. कॉम्प्युटरवर 'हँडब्रेक' या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून फाईल नव्यानं काढा, मगच एडिटिंगला घ्या. फरक पहिल्यापासून सारखाच असेल तर एवढा खटाटोप नको, आवाजाची पट्टी थोडी सरकवली की झालं.

स्पीड वाढवताना आवाज आधी वेगळा काढू नका, नाहीतर नुसतं चित्र पळतं. आवाज चिरका झाला तर 'पिच' कायम ठेवायचा पर्याय चालू करा. काम होईपर्यंत मूळ फाईल डिलीट करू नका.