मालीपाटील, माळीपाटील नव्हे

भालकीचं किंवा आळंदचं स्थळ पुण्याकडच्या घरी जमलं की पहिली कुरबुर लग्नपत्रिकेवरून होते. मुलीकडच्यांनी लिहून दिलेलं असतं ‘मालीपाटील’. छापखान्यातला शुद्धलेखनाला जागणारा गृहस्थ त्याचं ‘माळीपाटील’ करून टाकतो आणि वर चूक सुधारल्याचं समाधान मानतो. मग फोन येतो, ‘अहो, ल च ठेवा. बागेचा काही संबंध नाही.’

संबंध खरोखरच नाही. बिदर, कलबुर्गी (पूर्वीचं गुलबर्गा) आणि खाली रायचूरपर्यंत भेटणारं हे आडनाव सरकारी दप्तरातून आलं आहे. यातला ‘माल’ अरबीतून फारसीत आणि फारसीतून दक्षिणेतल्या कचेऱ्यांत आला. मूळ अर्थ धनदौलत. पण महसुलाच्या भाषेत माल म्हणजे जमिनीचा सारा. मालगुजारी हा शब्द त्यातलाच. भंडारा-गोंदियाकडे ज्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात, ते माजी मालगुजारी तलावही याच घराण्यातले. (मामलेदार मात्र या गोतातला नाही. तो ‘अमल’कडून आला.) तेव्हा माली पाटील म्हणजे साऱ्याचा पाटील, वसुली पाहणारा.

घोटाळा होतो तो लिपीमुळे. उर्दूत ळ नाही. बागेचा माली आणि महसुलाचा माली तिथे एकाच अक्षरांत लिहितात. कानडीतही बाग राखणाऱ्याला माली म्हणतात. दोघांना वेगळं ठेवण्याची सोय तेवढी मराठीत आहे, आणि ती सोयच इथे नडते.

आता या घरांतून हमखास ऐकू येणारी गोष्ट. ‘आमची पाटीलकी बहामनींपासूनची.’ पाटीलकीपुरतं हे खरं असू शकेल. ‘पट्टकिल’ हा शब्द तर बहामनींच्याही आधीच्या ताम्रपटांत आहे, आणि १३४७ मध्ये गुलबर्ग्यात बहामनी सत्ता उभी राहिली तेव्हा गावोगाव पाटील होतेच. पण ‘माली’ हे विशेषण इतकं जुनं असेल, हे मला पटत नाही. जोपर्यंत एकच पाटील सारा गोळा करतो, चोर धरतो आणि भांडणंही मिटवतो, तोपर्यंत त्याला नुसतं पाटील म्हटलं की भागतं. माली म्हणायची वेळ येते ती समोर दुसरा पाटील उभा राहतो तेव्हा. तो दुसरा कोण, हे याच मुलखातलं दुसरं आडनाव सांगतं: पोलीसपाटील. ‘पोलीस’ हा इंग्रजीतून आलेला शब्द बहामनी फर्मानात सापडणार नाही.

म्हणून या जोडनावाचं वय शोधायचं तर पहिल्या सालारजंगांच्या काळात जावं लागतं. हा मुलूख तेव्हा निजामाचा, आणि ते १८५३ ते १८८३ निजामाचे दिवाण होते. त्यांच्याआधी महसूल ठेक्याने दिला जाई, आणि सरकार व रयत यांच्यामध्ये देशमुख-देशपांड्यांची मधली फळी असे. १८६५ ची जिलाबंदी झाली, जिल्हे आखले गेले, पगारी अंमलदार आले. देशमुख-देशपांड्यांच्या हाती रुसूम, म्हणजे ठरलेला भत्ता, तेवढा उरला. वसुलीसाठी सरकारचा संबंध थेट गावाशी आला आणि गावचा पाटील एकदम महत्त्वाचा झाला. पोलिसांचं खातं वेगळं उभं राहिलं, तशी गावातली जबाबदारीही दुभंगली. एकाकडे माल, दुसऱ्याकडे पोलीस, आणि कागद सांभाळायला पटवारी. इंग्रजी मुंबई इलाख्यातही अशीच विभागणी होती. १८६७ च्या कायद्याने तिथला पोलीस पाटील बांधला गेला आणि साऱ्याच्या पाटलाला लोक मुलकी पाटील म्हणत. कृष्णेच्या वरच्या अंगाला जो मुलकी, तोच निजामी मुलखात माली.

काम दोघांचं सारखं वजनदार नव्हतं. माली पाटील पटवाऱ्याला घेऊन चावडीत बसे. कुणाच्या शेतात काय उभं आहे, कुणाची बाकी किती, कुणाला सूट मागायची, हे त्याच्या तोंडून वर जाई. पोलीस पाटलाकडे गुन्ह्याची वर्दी, जन्ममृत्यूची नोंद, परक्या माणसावर नजर. दोन्ही वतनं वारशाने चालत. वारस अज्ञान असला तर त्याच्या नावाने गुमास्ता काम पाही. अशा दोन-तीन पिढ्या गेल्या की हुद्दा घराला चिकटतो. दोन्ही घरं पाटलांची, कधी एकाच भाऊबंदकीतली. मग गावाने ओळखायचं कसं? माली पाटलाचा वाडा, पोलीस पाटलाचा वाडा. शाळेच्या हजेरीपटावर तेच आडनाव म्हणून चढलं.

इथल्या नावांत हुद्दे एकावर एक रचण्याची हौसच आहे. शरणगौडा पाटील हे नाव घ्या. कानडीत गौडा म्हणजे गावचा प्रमुख, पाटील म्हणजेही तोच. उद्या शरणगौडा मालीपाटील भेटला तर त्याच्या नावात पाटीलकी दोनदा आणि खातं एकदा आलेलं असतं. आडनावाला कानडीत ‘अड्डहेसरु’ म्हणतात. घडण आपल्या ‘आडनावा’चीच आहे.

निजामाचं राज्य सप्टेंबर १९४८ मध्ये संपलं. १ नोव्हेंबर १९५६ ला बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर मुंबई राज्यात गेले, नारायणखेड आणि जहिराबादचा बराचसा भाग आंध्रात, उरलेला म्हैसूरमध्ये. गुलबर्ग्याचे तांडूर आणि कोडंगलही आंध्रात गेले. एकाच दप्तरातल्या हुद्द्याला पुढे तीन राज्यांत तीन वाटा फुटल्या. कर्नाटकात १९६१ च्या कायद्याने गावची वंशपरंपरागत पदं गेली. तेव्हा आंध्रात असलेल्या तेलंगणात पटेल-पटवारी टिकले ते १९८० च्या दशकात एन. टी. रामाराव यांच्या सरकारने मोडेपर्यंत. महाराष्ट्राने १९६२ मध्ये मुलकी पाटलाचं पद रद्द केलं, पोलीस पाटील मात्र ठेवला. त्याच्यासाठी १९६७ मध्ये नवा कायदाही केला.

त्यामुळे आज सीमेवर मजा दिसते. उदगीर तालुक्यात पोलीस पाटील हा नेमणुकीचा, मानधन घेणारा माणूस आहे आणि त्याचं आडनाव काहीही असू शकतं. पलीकडे कर्नाटकात, औरादच्या बाजूला, पोलीसपाटील हे निव्वळ आडनाव. बाळगणारा कापडाचं दुकान चालवत असेल किंवा बंगळूरात संगणकावर बसत असेल.

आपल्या घराचा छडा लावायचा तर जुने उर्दू कागद वाचून घ्यावे लागतात. तिथे पाटील सापडणार नाही, ‘पटेल’ सापडेल. निजामी दप्तरात तोच शब्द चाले, आणि म्हणून तेलंगणाकडचे भाऊबंद मालीपटेल लिहितात. तारखाही फसली सनाच्या असतात. त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८, निजामी अमलातलं शेवटचं वर्ष.