कंबरेवरची जखम आणि पेशींमधली डागडुजी

सत्तर वर्षांच्या एका स्त्रीच्या उजव्या कुशीवर, परकराची नाडी जिथे घट्ट बसते तिथे एक जखम होती. ती दीड वर्ष भरत नव्हती. आजूबाजूच्या कातडीचा रंग उडाला होता आणि जागा दुखत होती. साठीच्या उत्तरार्धातल्या दुसऱ्या एका स्त्रीच्या उजव्या कुशीवर तशीच जखम दोन वर्षे होती. ती परकर वापरत नव्हती. चाळीस वर्षे रोज लुगडे कंबरेशी घट्ट आवळून नेसत होती. दोघींच्या जखमेचा तुकडा तपासला तेव्हा त्वचेचा कर्करोग निघाला. दुसरीच्या बाबतीत तो जांघेतल्या लसिकाग्रंथीपर्यंत पोचलाही होता.

वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनी येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या डॉक्टरांनी ही हकीकत २०२४ मध्ये 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या ब्रिटिश नियतकालिकात मांडली. 'साडीमुळे कॅन्सर' अशा मथळ्यांनी ती जगभर गेली. मथळा चुकीचाच होता. दोष साडीचा नव्हे, वर्षानुवर्षे एकाच जागी आवळलेल्या गाठीचा आणि तिच्याखाली झालेल्या जखमेकडे झालेल्या दुर्लक्षाचा. शिवाय ही माहिती नवीही नव्हती. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्येच भारतीय चालीरीती आणि कर्करोग यांच्या संबंधावर शोधनिबंध लिहून 'धोतराचा कर्करोग' वैद्यकशास्त्रापुढे ठेवला होता. धोतराची गाठ बसते त्या कंबरेच्या रेषेवर, सतत घासल्या जाणाऱ्या कातडीत तो होतो. काश्मीरमध्ये फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर होणारा कर्करोग तर त्याच्याही आधीपासून डॉक्टरांना माहीत आहे.

ही उदाहरणे महत्त्वाची आहेत, कारण त्वचेच्या कर्करोगाची पुस्तकातली गोष्ट वेगळी आहे. ती गोऱ्या कातडीची आणि उन्हाची गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियात समुद्रकिनाऱ्यावर तापलेले खांदे, नाकाचा शेंडा, कानाची पाळी. आपल्याकडे रंगद्रव्याचे कवच असल्याने उन्हामुळे होणारा कर्करोग कमी दिसतो. त्यावरून 'आपल्याला हा आजार होत नाही' असा समज पसरला आहे, आणि तो सामान्य माणसापुरता मर्यादित नाही. दीड-दोन वर्षे मलम, हळद आणि खोबरेल तेलावर निघून जातात ती बऱ्याच अंशी याच समजामुळे.

ऊन आणि गाठ यांचा रस्ता शेवटी एकाच ठिकाणी जातो: पेशीतल्या डीएनएपर्यंत. डीएनएची मोडतोड ही अपवादाने घडणारी गोष्ट नाही. प्रत्येक पेशीत रोज हजारो ठिकाणी ती होते आणि पेशी ती दुरुस्त करत राहते. ही दुरुस्ती कशी चालते हे उलगडल्याबद्दल २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल तिघांना मिळाले: टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार. तिघांनी तीन वेगवेगळ्या दुरुस्त्या शोधल्या, आणि कंबरेवरची ती जखम समजून घ्यायला तिन्ही उपयोगी पडतात.

सँकार तुर्कस्तानातल्या सावूर नावाच्या छोट्या गावचे, आठ भावंडांतले सातवे, निरक्षर आईबापांचे मूल. त्यांचे काम उन्हाशी निगडित आहे. अतिनील किरण पडले की डीएनएच्या धाग्यावरची शेजारशेजारची दोन अक्षरे एकमेकांना चिकटतात आणि तिथे पीळ बिघडतो. पेशीतली प्रथिने ही बिघडलेली जागा हेरतात, दोन्ही बाजूंनी कात्री चालवून साधारण तीसेक अक्षरांचा तुकडा काढून टाकतात आणि समोरच्या शाबूत धाग्याबरहुकूम नवा तुकडा विणतात. (जिवाणू आणि अनेक प्राण्यांकडे याहून सोपी सोय आहे: उजेडाच्याच शक्तीने चिकटलेली अक्षरे सोडवणारे एक विकर. माणसाकडे ते नाही.)

ही कात्री नसेल तर काय होते, ते 'झेरोडर्मा पिगमेंटोसम' या दुर्मीळ आनुवंशिक आजारात दिसते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या जेम्स क्लीव्हर या संशोधकाने वर्तमानपत्रात या आजाराबद्दल वाचले, रुग्णांच्या पेशी मिळवल्या आणि १९६८ मध्ये दाखवून दिले की त्या पेशींना उन्हाने झालेली मोडतोड दुरुस्त करता येत नाही. डीएनए दुरुस्ती बिघडली तर कर्करोग होतो याचा माणसातला तो पहिला ठोस पुरावा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अशा रुग्णांचा अनेक दशके पाठपुरावा केला. त्यांच्यात त्वचेचा पहिला कर्करोग साधारण नवव्या वर्षी दिसतो, आणि विसाव्या वर्षाच्या आत तो होण्याचा धोका इतरांच्या दहा हजार पट असतो. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच हा आजार होतो. त्यामुळे मामेबहीण-आतेभाऊ लग्नांची चाल असलेल्या आपल्या समाजातल्या डॉक्टरांनी तो लक्षात ठेवायला हवा. तान्ह्या मुलाला थोड्याशा उन्हानेही कातडी भाजल्यासारखी होत असेल किंवा दोन वर्षांच्या आत चेहऱ्यावर दाट वांगासारखे ठिपके उठत असतील, तर ते नजर लागल्याचे लक्षण नव्हे.

कंबरेवर मात्र ऊन पडत नाही. तिथे लिंडाल आणि मॉड्रिच यांचे काम आठवावे लागते. न भरणाऱ्या जखमेत कायम दाह असतो. जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी ऑक्सिजनची तिखट संयुगे सोडतात आणि ती शेजारच्या निरोगी पेशींच्या डीएनएलाही गंज चढवतात. असे गंजलेले एकेक अक्षर खुडून बदलायचे काम लिंडाल यांनी शोधलेली दुरुस्ती करते. दुसरीकडे, जखम भरून काढायला कडेच्या पेशी पुन्हा पुन्हा विभागत राहतात. दर विभाजनात डीएनएची नक्कल होते आणि नक्कल करताना अक्षरे चुकतात. त्या चुका शोधणारे मुद्रितशोधन मॉड्रिच यांनी उलगडले. दिवसभर गाठ घासते, रात्री खपली धरते, सकाळी लुगडे नेसताना ती पुन्हा निघते. वीस-तीस वर्षे हे चालले की विभाजने वाढतात, दाह हटत नाही आणि दुरुस्तीतून निसटलेल्या चुका साठत जातात, असे मानले जाते. भाजल्याच्या जुन्या व्रणांवर, वर्षानुवर्षे वाहणाऱ्या जखमांवर उठणाऱ्या अशा कर्करोगाला 'मार्जोलिन व्रण' म्हणतात. १८२८ मध्ये अशा व्रणांचे वर्णन करणाऱ्या फ्रेंच शल्यविशारदाचे ते नाव. वर्ध्याच्या अहवालातल्या दोन्ही जखमा याच जातीच्या.

दुरुस्तीला बाहेरून मदत करता येईल का, यावरही संशोधन चालू आहे. ब३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार, निकोटिनामाइड, पेशीला दुरुस्तीसाठी लागणारी ऊर्जा पुरवतो. ऑस्ट्रेलियात ३८६ जणांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने नवे त्वचा-कर्करोग वर्षभरात २३ टक्क्यांनी कमी झाले. २०२३ मध्ये अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांवरच्या चाचणीत मात्र फायदा आढळला नाही. ही गोळी उन्हाने कातडी खराब झालेल्या, आधी कर्करोग होऊन गेलेल्या लोकांसाठी तपासली गेली होती. नाडीच्या वळावर ती चालेल असे समजून औषधाच्या दुकानात जाण्यात अर्थ नाही.

खरा प्रश्न वेळेचा आणि अंतराचा आहे. त्वचारोगतज्ज्ञ बहुतेक शहरांत असतात आणि लुगडे नेसणारी म्हातारी खेड्यात. त्वचा डोळ्यांना दिसते, त्यामुळे दुरून तपासायला तिच्याइतका सोयीचा दुसरा अवयव नाही. केंद्र सरकारची 'ई-संजीवनी' सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. त्यात गावच्या आरोग्य केंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला शेजारी बसवून मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरशी बोलतो. एप्रिल २०२० पासून लोकांना घरूनही सल्ला घेता येऊ लागला. दुसरा मार्ग त्याहून साधा: फोटो आणि माहिती पाठवायची, तज्ज्ञ सवडीने पाहून उत्तर देतो. त्वचारोगात हा दुसरा मार्ग अनेकदा बरा पडतो, कारण हलणाऱ्या, धूसर व्हिडिओपेक्षा एक स्वच्छ स्थिर फोटो जास्त सांगतो.

पण कॅमेरा कुठे रोखायचा हे माहीत हवे. कंबर, जांघ, पाठीचा खालचा भाग आपण होऊन कोणी दाखवत नाही. नातवाच्या फोनवर आजी कंबरेचा फोटो काढू देईल, ही अपेक्षाच चुकीची. इथे आशाताई किंवा नर्सबाई लागतात आणि पडदा असलेली खोली लागते. तळपायाचेही तेच. सावळ्या कातडीतला मेलॅनोमा हा घातक कर्करोग अनेकदा तळव्यावर किंवा नखाखाली सुरू होतो. गायक बॉब मार्ले यांना तो पायाच्या अंगठ्यात झाला होता. आपल्याकडे त्या काळ्या डागाला कुरूप किंवा काटा रुतल्याची खूण समजून ब्लेडने खरवडले जाते.

फोटो पाहून निदान सुचवणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर या बाबतीत अजून विसंबता येत नाही. तिला शिकवायला वापरलेले फोटो मुख्यतः गोऱ्या कातडीचे होते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये अशा प्रणाली विविध रंगांच्या त्वचेच्या ६५६ फोटोंवर तपासल्या, तेव्हा गडद कातडीवर त्या कमी पडल्या. मोबाइलमधल्या ॲपने 'काळजीचे कारण नाही' असे सांगितले, तरी जखम न भरणे हेच काळजीचे कारण आहे.

फोटो उपयोगी पडावा असे वाटत असेल तर तो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढावा. एक लांबून, जागा कळेल असा. एक जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. आणि एक आडव्या कोनातून, कारण जखमेच्या कडा उंचावलेल्या आणि बाहेर वळलेल्या आहेत का, हे समोरून कळत नाही. सोबत लिहावे: किती महिने झाले, रक्त येते का, वास येतो का, रोज गाठ कुठे बसते. फोनमधून दोन गोष्टी होत नाहीत. कडा बोटाने दाबून तिचा कडकपणा पाहता येत नाही आणि जांघेतली गाठ, म्हणजे अवधाण, चाचपता येत नाही. त्या केंद्रातल्या माणसाने करून कळवाव्या लागतात. आणि जखमेच्या कडेचा तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायोप्सी, ही तर रुग्णालयात गेल्याशिवाय होतच नाही. दूरच्या तज्ज्ञाचे मुख्य काम कोणाला तातडीने बोलवायचे आणि कोणाची खेप वाचवायची, हे ठरवण्याचे.

वर्ध्याच्या डॉक्टरांचा सल्ला नऊवारी सोडा असा नाही. आत परकर सैल बांधावा आणि कातडीवर काही दिसू लागले तर कपडे ढिले करून ती जागा भरू द्यावी, एवढेच त्यांचे म्हणणे. नाडीऐवजी रुंद पट्टा लावला, गाठ रोज थोडी वर-खाली सरकवली, तर एकाच रेषेवरचा ताण कमी होतो. धोतर नेसणाऱ्यांना आणि करगोटा घट्ट बांधणाऱ्यांनाही हे लागू आहे. वळावर कातडी काळी, जाड किंवा पांढुरकी होणे ही पहिली खूण. एवढे करूनही चार आठवड्यांत जखम भरली नाही तर मलम बदलत बसू नये, बायोप्सी करून घ्यावी. कर्करोग कातडीपुरता असताना कडेच्या निरोगी भागासह जखम कापून काढणे हाच मुख्य उपचार असतो. जांघेतल्या ग्रंथीत तो शिरल्यावर मात्र शस्त्रक्रिया मोठी होते आणि पुढे बहुधा किरणोपचारही घ्यावे लागतात.